विल्यम व्हिक्री

विल्यम स्पेन्सर व्हिक्री (२१ जून, इ.स. १९१४, व्हिक्टोरिया, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा – ११ ऑक्टोबर, इ.स. १९९६, हॅरिसन, न्यू यॉर्क, अमेरिका) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होते. न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात त्यांनी साडेतीन दशकांहून अधिक काळ अध्यापन केले. गर्दीच्या रस्त्यांच्या वापरासाठी वेळ व ठिकाण यांनुसार बदलते शुल्क आकारावे, या विचाराचे ते प्रमुख प्रवर्तक मानले जातात. लिलावाच्या सिद्धान्तातील त्यांचे कार्यही तितकेच महत्त्वाचे असून द्वितीय-किंमत बंद लिलाव हा आज व्हिक्री लिलाव या नावाने ओळखला जातो. असममित माहितीच्या स्थितीतील प्रोत्साहनांच्या सिद्धान्ताबद्दल त्यांना व ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मिर्लीझ यांना १९९६ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक विभागून देण्यात आले. या पारितोषिकाची घोषणा झाल्यानंतर तिसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

जन्म, बालपण व शिक्षण

व्हिक्री यांचा जन्म कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हिक्टोरिया या शहरात झाला. त्यांचे वडील चार्ल्स व्हर्नन व्हिक्री हे पश्चिम आशियातील निर्वासितांसाठी काम करणाऱ्या निअर ईस्ट रिलीफ या मदतसंस्थेचे एक प्रमुख पदाधिकारी होते. विल्यम यांचे बालपण मुख्यतः अमेरिकेत गेले. शालेय शिक्षणाचा काही भाग युरोपात झाला. मॅसॅच्युसेट्समधील फिलिप्स अँडोव्हर या शाळेतून ते १९३१ साली उत्तीर्ण झाले. पुढे येल विद्यापीठातून त्यांनी १९३५ मध्ये गणित विषयात पदवी मिळवली. त्यानंतर ते अर्थशास्त्राकडे वळले आणि १९३७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी त्यांनी संपादन केली. गणिताची ही पूर्वतयारी त्यांच्या पुढील सर्व लेखनात दिसून येते.

सुरुवातीची कारकीर्द

महामंदीच्या उत्तरार्धात व्हिक्री यांनी अमेरिकेच्या संघीय सरकारात नोकरी केली. वित्त विभागाच्या करसंशोधन शाखेत काम करताना करपद्धती हा त्यांच्या अभ्यासाचा पहिला मोठा विषय बनला. ज्या व्यक्तीचे उत्पन्न वर्षावर्षाला चढ-उतार होते, तिला स्थिर उत्पन्न असणाऱ्या व्यक्तीपेक्षा अधिक कर भरावा लागतो, ही विसंगती दूर करण्यासाठी अनेक वर्षांच्या उत्पन्नाची संचित सरासरी काढून कर आकारण्याची पद्धत त्यांनी १९३९ मध्ये सुचवली.

व्हिक्री हे क्वेकर पंथाचे अनुयायी होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सदसद्‌विवेकाच्या आधारे शस्त्र घेण्यास नकार दिला आणि त्याऐवजी नागरी सेवा केली. या सेवेच्या काळातील एक काम म्हणजे पोर्तो रिकोसाठी वारसा कराची रचना तयार करणे हे होय. १९४६ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाले. प्रगतिशील करपद्धतीवरील त्यांचा प्रबंध १९४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला व १९४८ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. युद्धोत्तर जपानच्या करव्यवस्थेची पुनर्रचना सुचवण्यासाठी अर्थतज्ज्ञ कार्ल शूप यांच्या नेतृत्वाखाली १९४९ मध्ये गेलेल्या पथकात व्हिक्री यांचा समावेश होता. १९५८ मध्ये ते पूर्ण प्राध्यापक झाले. १९६४ ते १९६७ या काळात ते अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९८२ मध्ये ते निवृत्त झाले, तथापि विद्यापीठातील त्यांचा वावर व लेखन अखेरपर्यंत चालू राहिले.

विचाराची पार्श्वभूमी

रस्त्याच्या वापराचे मूल्य ठरवण्याचा प्रश्न व्हिक्री यांच्या आधीही अर्थशास्त्रात चर्चिला गेला होता. फ्रेंच अभियंता ज्यूल द्यूपुई यांनी १८४४ मध्ये पुलावरील पथकर व त्यापासून लोकांना मिळणारी उपयुक्तता यांचा संबंध मांडला होता. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये दोन रस्त्यांचे उदाहरण घेऊन गर्दीच्या रस्त्यावर कर आकारल्यास एकूण समाजाचा लाभ कसा वाढतो, हे दाखवले होते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२४ मध्ये त्याच उदाहरणाची चिकित्सा केली. परंतु ही सर्व चर्चा तत्त्वाच्या पातळीवर राहिली. हे शुल्क प्रत्यक्षात कसे मोजावे, कोणाकडून व कोणत्या वेळी घ्यावे, त्यासाठी कोणते उपकरण लागेल आणि त्याचा खर्च किती येईल, या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे काम व्हिक्री यांनी हाती घेतले.

त्यांच्या विचाराचा गाभा सीमांत खर्च ही संकल्पना आहे. रस्त्यावर येणारे प्रत्येक वाहन स्वतःचे इंधन व वेळ खर्च करते. त्याचबरोबर ते आपल्यामागील सर्व वाहनांना थोडा उशीर करते. समजा, एका अतिरिक्त वाहनामुळे एक हजार वाहनांना प्रत्येकी तीन सेकंदांचा उशीर झाला, तर समाजाची एकूण पन्नास मिनिटे वाया गेली. हा खर्च त्या वाहनाच्या चालकाला जाणवत नाही, कारण तो इतरांनी सोसलेला असतो. गर्दीच्या वेळी वापरकर्त्याने हा खर्च भरावा व मोकळ्या वेळी काहीही भरू नये, असे व्हिक्री यांचे प्रतिपादन होते.

या भूमिकेमुळे गर्दी शुल्क व सर्वसाधारण टोल यांतील फरक स्पष्ट होतो. टोल हा बहुधा बांधकामाचा खर्च वसूल करण्यासाठी असतो व खर्च वसूल झाल्यावर तो बंद करावा, अशी अपेक्षा असते. व्हिक्री यांच्या दृष्टीने मात्र बांधकामाचा खर्च हा दर ठरवण्याचा निकष नव्हता. कितीही खर्चिक पूल रिकामा असेल, तर त्यावरून जाण्यास शुल्क नसावे. उलट ज्याची किंमत कधीच फिटली आहे असा जुना रस्ता सकाळी नऊ वाजता तुंबत असेल, तर त्या वेळी त्याच्या वापरास मूल्य असावे. इंधनावरील करही त्यांना अपुरा वाटे, कारण तो गर्दीच्या चौकातील व ओस पडलेल्या रस्त्यावरील प्रवासात भेद करत नाही.

न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेचा अभ्यास

न्यू यॉर्कच्या महापौरांनी शहराच्या व्यवस्थापनाचे सर्वेक्षण करण्यासाठी नेमलेल्या समितीकरिता व्हिक्री यांनी भुयारी रेल्वेच्या भाड्याचा अभ्यास केला. १९५२ च्या आपल्या अहवालात त्यांनी एकच सपाट भाडे रद्द करून वेळ, अंतर व मार्गावरील गर्दी यांनुसार बदलणारे भाडे सुचवले. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मॅनहॅटनच्या मध्यभागाकडे जाणाऱ्या प्रवाशाने अधिक द्यावे व दुपारी किंवा उलट दिशेने जाणाऱ्याने कमी द्यावे, अशी ती योजना होती. त्यासाठी स्थानकात शिरताना व बाहेर पडताना अशा दोन्ही वेळी नोंद घेणाऱ्या यंत्रणेचा आराखडाही त्यांनी दिला होता. निवडणुकीच्या राजकारणात ही योजना धोक्याची ठरेल, असे लोकप्रतिनिधींना वाटले व ती स्वीकारली गेली नाही. १९५३ मध्ये शहराने भाडे दहा सेंटवरून पंधरा सेंट केले, परंतु ते सर्वांसाठी व सर्व वेळी सारखेच ठेवले.

रस्त्याकडेच्या पार्किंगचे मूल्य

१९५४ मध्ये व्हिक्री यांनी रस्त्याच्या कडेला वाहने उभी करण्याच्या जागेसंबंधी एक लेख प्रसिद्ध केला. एखाद्या पट्ट्यातील जागा भरत आल्यास मीटरचा दर आपोआप वाढावा व जागा रिकाम्या होऊ लागल्यास तो कमी व्हावा, अशी कल्पना त्यांनी मांडली. काही जागा नेहमी रिकाम्या राहाव्यात, हा त्यामागील हेतू होता. जागेच्या शोधात घिरट्या घालणारी वाहने ही गर्दीत भर घालतात; माल उतरवण्यासाठी कडेला जागा न मिळालेले वाहन रस्त्यातच दुहेरी रांगेत उभे राहते व संपूर्ण मार्गिका अडवते. त्यामुळे कडेच्या जागेचे मूल्य व धावत्या रस्त्याचे मूल्य हे एकाच प्रश्नाचे दोन भाग ठरतात. मागणीनुसार दर बदलणाऱ्या मीटरचा मोठा प्रयोग सॅन फ्रान्सिस्को शहरात २०११ मध्ये, म्हणजे या लेखानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने सुरू झाला.

वॉशिंग्टनसाठीचा प्रस्ताव

१९५९ मध्ये वॉशिंग्टन महानगराच्या प्रश्नांचा विचार करणाऱ्या अमेरिकन काँग्रेसच्या संयुक्त समितीपुढे व्हिक्री यांनी साक्ष दिली. राजधानीत त्या वेळी नवे द्रुतगती मार्ग बांधण्याच्या योजना आखल्या जात होत्या. प्रत्येक गर्दीच्या वेळेला पुरेल एवढा रस्ता बांधत राहणे हे अतिशय महागडे असून त्याऐवजी आहे त्या रस्त्याच्या वापराचे मूल्य आकारावे, असे त्यांनी सांगितले. प्रत्येक वाहनात ओळख पटवणारे एक छोटे इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवावे, रस्त्यावरील ठरावीक ठिकाणच्या यंत्रांनी त्या वाहनाची नोंद घ्यावी, ती माहिती मध्यवर्ती संगणकाकडे जावी व वाहनमालकाला दूरध्वनीप्रमाणे महिन्याचे बिल यावे, अशी त्यांची योजना होती. दर वेळेनुसार व ठिकाणानुसार वेगळे असणार होते.

त्या काळी संगणक ही दुर्मीळ वस्तू होती व अशी यंत्रणा अव्यवहार्य असल्याचा आक्षेप घेतला गेला. उपकरण स्वस्तात बनू शकते, हे दाखवण्यासाठी व्हिक्री यांनी १९६० च्या दशकात सुमारे तीन डॉलरच्या सामग्रीतून एक साधा रेडिओ प्रक्षेपक तयार करून स्वतःच्या मोटारीत बसवला होता व आपल्या येण्याजाण्याच्या नोंदी ते परिचितांना दाखवत असत, असे सांगितले जाते. समितीने त्यांच्या प्रस्तावावर कार्यवाही केली नाही. ब्रिटनमध्ये मात्र वाहतूक मंत्रालयाने रूबेन स्मीड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६४ च्या अहवालात रस्त्याच्या वापरावर थेट शुल्क आकारणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचा निष्कर्ष काढला.

गर्दीचा सिद्धान्त

१९६३ मध्ये नागरी वाहतुकीच्या मूल्यनिर्धारणावर व १९६९ मध्ये गर्दी आणि वाहतुकीतील गुंतवणूक यांवर व्हिक्री यांनी लिहिलेले निबंध वाहतूक अर्थशास्त्रात पायाभूत मानले जातात. १९६९ च्या निबंधात त्यांनी गर्दीचे सहा प्रकार सांगितले. दोन वाहनांच्या परस्पर अडथळ्यापासून ते एका ठिकाणच्या कोंडीने आडवे रस्तेही बंद पडण्यापर्यंतचे प्रकार त्यात येतात. त्यांतील एक प्रकार रस्त्यांचे जाळे व वाहतूक नियंत्रण यांच्यामुळे उद्भवणाऱ्या विलंबाचा आहे. गर्दीच्या वेळेसाठी बसवलेले सिग्नल व घातलेले निर्बंध इतर वेळी किंवा इतर वाहनांना विनाकारण थांबवून ठेवतात, हे त्यांनी त्यात निदर्शनास आणले.

याच निबंधात त्यांनी निमुळत्या मार्गाचे प्रारूप मांडले. एखाद्या पुलावरून तासाला ठरावीक संख्येनेच वाहने जाऊ शकतात. त्याहून अधिक वाहने एकाच वेळी आली की रांग लागते. प्रत्येक जण रांगेतील वेळ व लवकर किंवा उशिरा पोहोचण्याची गैरसोय यांचा ताळमेळ घालून निघण्याची वेळ ठरवतो. रांगेतील वेळेच्या मोलाइतके शुल्क प्रत्येक क्षणी आकारले, तर रांग लागतच नाही, असे व्हिक्री यांनी दाखवून दिले. पुलावरून तितकीच वाहने तितक्याच वेळात पार होतात. चालकाला पूर्वी जो खर्च वेळेच्या रूपाने सोसावा लागत होता, तो आता पैशाच्या रूपाने द्यावा लागतो. रांगेत गेलेला वेळ कोणाच्याही उपयोगी पडत नाही, परंतु जमा झालेला पैसा शहराच्या उपयोगी पडतो. या प्रारूपाचा पुढील दशकांत इतर संशोधकांनी मोठ्या प्रमाणावर विस्तार केला.

मालवाहू व वितरण वाहनांचा प्रश्न

व्हिक्री यांच्या विचारपद्धतीत वाहन खासगी आहे की व्यावसायिक, यावरून दर ठरत नाही. ते वाहन इतरांवर किती खर्च लादते, यावरून तो ठरतो. मोठा ट्रक मोटारीपेक्षा अधिक जागा व्यापतो, चौकातून निघण्यास अधिक वेळ घेतो व माल उतरवताना मार्ग अडवतो. त्यामुळे त्याचे शुल्क अधिक असणे या तत्त्वाशी सुसंगत ठरते. दुसऱ्या बाजूने, चालकाचे वेतन व मालाच्या पोचण्याची निश्चित वेळ यांमुळे वितरण वाहनाच्या वेळेचे मोलही अधिक असते. रस्ता मोकळा झाल्यास त्याच दिवसात अधिक फेऱ्या होऊ शकतात आणि एका फेरीचे शुल्क अनेक ग्राहकांच्या मालावर विभागले जाते. म्हणूनच शुल्क भरूनही मालवाहतुकीचा लाभ होण्याची शक्यता या सिद्धान्तात संभवते.

गर्दीचा खर्च व रस्त्याच्या झिजेचा खर्च हे दोन वेगळे खर्च आहेत. इलिनॉय राज्यातील ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ताचाचणीत झीज ही आसावरील भाराच्या अंदाजे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे आढळले. म्हणजे आसावरील भार दुप्पट झाल्यास झीज सुमारे सोळापट होते. हलके वितरण वाहन रस्त्याची झीज फारशी करत नाही, परंतु गर्दीच्या वेळी ते इतरांना मोटारीइतकाच किंवा अधिक उशीर करू शकते. जड ट्रक मध्यरात्री कोणालाही उशीर करत नाही, परंतु झीज करतोच. एकाच वार्षिक करात हे दोन्ही खर्च बसवता येत नाहीत.

माल घेणारा दुकानदार व माल पोहोचवणारा वाहतूकदार यांच्यातील संबंधामुळे या प्रश्नाला आणखी एक पैलू प्राप्त होतो. माल कोणत्या वेळी पोहोचावा, हे बहुधा दुकानदार ठरवतो. शुल्क मात्र वाहतूकदार भरतो. त्यामुळे केवळ वाहनावर शुल्क लावल्याने वितरणाची वेळ बदलेलच असे नाही. न्यू यॉर्क शहराचा वाहतूक विभाग व रेन्सेलार पॉलिटेक्निक संस्था यांनी २००९-१० मध्ये रात्रीच्या वितरणाचा प्रायोगिक प्रकल्प राबवला. त्यात माल स्वीकारणाऱ्या आस्थापनांना वेळ बदलण्यासाठी प्रोत्साहन देण्यावर भर होता.

लिलावाचा सिद्धान्त व चौकातील प्राधान्य

१९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात व्हिक्री यांनी बंद लिफाफ्यातील बोलींचा एक नियम विश्लेषिला. या नियमानुसार सर्वाधिक बोली लावणाऱ्याला वस्तू मिळते, परंतु त्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच किंमत द्यावी लागते. अशा वेळी स्वतःची बोली कमी किंवा जास्त सांगण्यात कोणाचाच फायदा नसतो. वस्तूचे आपल्या दृष्टीने जे मोल आहे, तेच सांगणे प्रत्येकाच्या हिताचे ठरते. पुढे १९७१ मध्ये एडवर्ड क्लार्क व १९७३ मध्ये थिओडोर ग्रोव्ह्ज यांनी हे तत्त्व सार्वजनिक निर्णयांपर्यंत विस्तारले. आपल्या निर्णयामुळे इतरांची जी हानी होते तेवढे मूल्य प्रत्येकाने भरावे, हे या विस्तारित पद्धतीचे सूत्र रस्त्यावरील गर्दीच्या शुल्काच्या सूत्राशी मिळतेजुळते आहे.

एकविसाव्या शतकात वाहतूक अभियांत्रिकीच्या काही संशोधकांनी लिलावाचे हे तत्त्व चौकातील क्रम ठरवण्यासाठी वापरून पाहिले आहे. संगणकीय प्रारूपांत प्रत्येक वाहन चौक लवकर ओलांडण्याचे मोल यंत्रणेला कळवते व त्यानुसार मार्ग मोकळा होतो. रुग्णवाहिका, अग्निशामक वाहने व बस यांना सिग्नलवर प्राधान्य देण्याची पद्धत अनेक शहरांत आहे. मालवाहू वाहनांनाही असे प्राधान्य द्यावे काय व त्यासाठी मूल्य घ्यावे काय, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. थांबलेल्या जड ट्रकला पुन्हा वेग घेण्यास अधिक इंधन व वेळ लागत असल्याने त्याला न थांबवता सोडण्यात सर्वांचाच लाभ असू शकतो. मात्र आडव्या रस्त्यावर थांबलेल्या वाहनांचा व पादचाऱ्यांचा वेळ हिशेबात धरला नाही, तर असे प्राधान्य म्हणजे केवळ पैसेवाल्यांची सोय ठरते.

आक्षेप व मर्यादा

व्हिक्री यांच्या योजनांवर मुख्यतः तीन आक्षेप घेतले गेले. पहिला आक्षेप न्यायाचा होता. श्रीमंतांना शुल्क जाणवणार नाही व अल्प उत्पन्नाच्या लोकांना रस्ता सोडावा लागेल, अशी भीती व्यक्त झाली. प्रगतिशील करपद्धतीचे आयुष्यभर समर्थन करणाऱ्या व्हिक्री यांना विषमतेची जाणीव होती. तथापि विषमता करांच्या मार्गाने कमी करावी व रस्ता फुकट ठेवून तो सर्वांसाठी निरुपयोगी करू नये, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. शिवाय शुल्काचे उत्पन्न कोठे खर्च होते, यावर न्याय-अन्यायाचा निवाडा बराचसा अवलंबून असतो.

दुसरा आक्षेप खासगीपणाचा होता. हाँगकाँगमध्ये १९८३ ते १९८५ या काळात वाहनांची इलेक्ट्रॉनिक ओळख पटवून शुल्क आकारण्याचा प्रयोग झाला. यंत्रणा समाधानकारक चालली, परंतु आपल्या हालचालींवर सरकारची नजर राहील, या भीतीमुळे व लोकांच्या विरोधामुळे ती योजना सोडून देण्यात आली. तिसरा आक्षेप राजकीय होता. आजवर विनामूल्य मिळालेल्या गोष्टीचे मूल्य द्यावे लागणे हे मतदारांना लगेच जाणवते; वाचलेला वेळ मात्र अनेकांमध्ये विखुरला जातो. व्हिक्री यांच्या हयातीत त्यांच्या स्वतःच्या शहरात ही कल्पना रुजू शकली नाही, यामागे हे प्रमुख कारण होते.

अन्य लेखन

अनिश्चिततेच्या स्थितीतील निवडींवरून उपयोगितेचे मापन करण्यासंबंधीचा त्यांचा १९४५ चा निबंध पुढे इष्टतम आयकराच्या सिद्धान्ताचा आरंभबिंदू ठरला. जेम्स मिर्लीझ यांनी १९७१ मध्ये या प्रश्नाची गणिती उकल केली. व्हिक्री जमिनीच्या मूल्यावरील कराचे पुरस्कर्ते होते. उतारवयात त्यांनी पूर्ण रोजगाराच्या प्रश्नावर विपुल लेखन केले व अंदाजपत्रकातील तूट ही मुळातच वाईट असते, या समजुतीला विरोध केला. त्यांचे निवडक निबंध १९९४ मध्ये ग्रंथरूपाने संकलित झाले. १९९२ मध्ये ते अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनचे अध्यक्ष होते व १९९६ मध्ये त्यांची अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली.

वैयक्तिक जीवन

१९५१ मध्ये व्हिक्री यांचा विवाह सेसिल थॉम्पसन यांच्याशी झाला. हे दांपत्य न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेस हडसन नदीकाठच्या हेस्टिंग्ज या गावी राहत असे. व्हिक्री तेथून रेल्वेने शहरात येत व स्थानकापासून विद्यापीठापर्यंतचे अंतर कधीकधी चाकांच्या बुटांवरून पार करत, अशी आठवण त्यांचे सहकारी सांगत. चर्चासत्रात ते डोळे मिटून झोपल्यासारखे बसत व अखेरीस अचूक प्रश्न विचारून वक्त्याला चकित करत, याबद्दलही ते प्रसिद्ध होते.

नोबेल पारितोषिक व निधन

८ ऑक्टोबर, १९९६ रोजी नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली. त्या वेळी व्हिक्री ८२ वर्षांचे होते. या सन्मानामुळे आपल्या दुर्लक्षित राहिलेल्या सूचनांकडे लोकांचे लक्ष जाईल, अशी आशा त्यांना वाटत होती. ११ ऑक्टोबर रोजी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील एका परिषदेसाठी ते स्वतः मोटार चालवत निघाले असता न्यू यॉर्क राज्यातील हॅरिसनजवळ हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. पारितोषिक मरणोत्तर दिले जात नसले, तरी घोषणा त्यांच्या हयातीत झालेली असल्याने ते कायम राहिले. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे सहकारी लोवेल हॅरिस यांनी त्यांच्या वतीने ते स्वीकारले.

प्रभाव

गर्दी शुल्काची पहिली मोठी अंमलबजावणी सिंगापूरमध्ये जून १९७५ मध्ये झाली. मध्यवर्ती भागात सकाळी प्रवेश करण्यासाठी काचेवर लावण्याचा कागदी परवाना घ्यावा लागे. मालवाहू वाहनांना सुरुवातीस सूट होती. १९८९ मध्ये ती काढून घेण्यात आली. १९९८ मध्ये तेथे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सुरू झाली व रस्त्यावरील वाहनांचा वेग ठरावीक मर्यादेत राहील अशा बेताने दर ठरवले जाऊ लागले. जड मालवाहू वाहनांना मोटारीपेक्षा अधिक दर लागू झाला. लंडनमध्ये १७ फेब्रुवारी, २००३ पासून दिवसाला पाच पौंड शुल्क सुरू झाले. स्टॉकहोममध्ये २००६ मधील प्रयोग व सार्वमतानंतर २००७ मध्ये वेळेनुसार बदलणारे शुल्क कायम झाले.

न्यू यॉर्कमध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी मांडलेली योजना २००८ मध्ये राज्याच्या विधिमंडळात अडली. २०१९ मध्ये त्यासंबंधी कायदा झाला. जून २०२४ मध्ये सुरू होणारी अंमलबजावणी ऐनवेळी स्थगित झाली व अखेर ५ जानेवारी, २०२५ रोजी मॅनहॅटनच्या ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेकडील भागात शुल्क लागू झाले. दिवसाच्या गर्दीच्या काळात मोटारीस ९ डॉलर, लहान ट्रकला १४.४० डॉलर व मोठ्या ट्रकला २१.६० डॉलर असे आरंभीचे दर असून रात्री ते एक चतुर्थांश इतके कमी होतात. या उत्पन्नाचा विनियोग सार्वजनिक वाहतुकीच्या सुधारणेसाठी करण्याची तरतूद आहे. क्षेत्राच्या सीमेवर आकारले जाणारे हे शुल्क प्रवासाचे अंतर व प्रत्येक रस्त्यावरील तात्कालिक गर्दी यांचा विचार करत नाही. त्यामुळे व्हिक्री यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या आराखड्याहून ते बरेच ढोबळ आहे.